संगत धरावी कशी, सोडावी कशी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला या शाळेत आठवीला मराठी शिकवले. वर्गात कोण कोणाशेजारी बसतो याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. जुलैत शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस ते काही बोलत नसत. मग एके दिवशी हजेरी संपल्यावर दोन-तीन जोड्या फोडत आणि दोन-तीन नव्या जमवीत. कारण विचारण्याची आमची छाती नव्हती. मला त्यांनी खिडकीजवळच्या बाकावरून उठवून तिसऱ्या रांगेत ज्या मुलाशेजारी बसवले, त्याच्याविषयी मी शेवटी बोलणार आहे. तोवर आपण धीर धरावा.

आजचा विषय माझा नाही. तो कार्यवाहांनी दिला आणि त्यांना तो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मिळाला. सकाळच्या सुप्रभातासोबत तिथे एक उपदेश वारंवार फिरतो : सकारात्मक मित्र जोडा, नकारात्मक माणसांना आयुष्यातून काढून टाका. कार्यवाह म्हणाले, ‘‘सर, यावर तुम्ही बोला. सगळे अंगठे दाखवतात, पण करायचे काय ते कोणी सांगत नाही.’’ मी होकार दिला, याचे कारण या उपदेशाचा पूर्वार्ध मी उशिरा आचरला आणि उत्तरार्ध एकदा चुकीच्या माणसावर आचरला. ज्या विषयात आपण नापास झालो तो विषय निदान लक्षात तरी राहतो.

आधी शब्दांकडे पाहू. माझी ती जुनी खोड आहे. ‘नकारात्मक माणूस’ हा प्रयोग आपल्या भाषेत अलीकडचा. आपले जुने शब्द माणसाला असे एका खुणेत बंद करीत नाहीत. ‘संगत’ म्हणजे बरोबरीने चालणे. त्या शब्दात पाय आहेत, वाट आहे, आणि वाट कोठे जाते हा प्रश्नही आहे. ‘सोबत’ हा शब्द सोहबत या अरबी-फारसी शब्दावरून आपल्याकडे आला. इथे माळव्यात आपले शेजारी आजही सोहबतीचा परिणाम म्हणतात, तेव्हा दोन भाषा एकाच विहिरीचे पाणी भरत असतात. ‘स्नेह’ या शब्दाचा एक अर्थ तेल असा आहे. जे दोन वस्तूंमधले घर्षण कमी करते, ते स्नेह. आणि ‘सख्य’ तर आपल्या संतांनी थेट भक्तीच्या नऊ प्रकारांत बसवले. दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठवा समास सख्यभक्तीचा आहे. तिथे समर्थ सांगतात त्याचा आशय असा की, सख्य करायचे तर त्याला जे आवडते तसे आपण वागावे; त्याने आपल्या मनाप्रमाणे वागावे ही अट घालू नये. देवाविषयीचे हे बोलणे आहे, हे खरे. परंतु मैत्रीतला पहिला अडसर कोणता, हे त्यात नेमके सांगितले आहे.

या सर्व शब्दांत ‘चांगला माणूस’ आणि ‘वाईट माणूस’ अशी वाटणी नाही. वाटणी आहे ती दोघांच्या मध्ये जे घडते त्याची. पसायदानात ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावो असे मागितले आणि लगेच प्राणिमात्रांचे परस्परांशी मैत्र मागितले. १२९० सालच्या त्या प्रार्थनेची आठवण मी यासाठी करतो की, ‘माणसे काढून टाका’ ही भाषा आपल्या अंगवळणी पडू लागली आहे. काढून टाकायचे ते माणूस नव्हे. त्याच्याशी जोडला गेलेला आपला एक विशिष्ट व्यवहार. हा भेद वरवर सूक्ष्म वाटेल. पुढे तो उपयोगी पडेल.

मग निवड करायचीच कशाला, सर्वांशी मैत्र का नसावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर अध्यात्मात नाही, घड्याळात आहे. रॉबिन डनबार या इंग्रज अभ्यासकाने १९९० च्या दशकात एक सिद्धान्त मांडला. माणूस साधारण १५० जणांशी खरीखुरी ओळख टिकवू शकतो, आणि अगदी आतल्या वर्तुळात मावतात ती जेमतेम ५ माणसे, असे त्याचे म्हणणे. आकड्यांवर विद्वानांत वाद आहेत. तथापि मुद्दा आपल्या अनुभवाचाच आहे. मैत्रीला वेळ लागतो आणि वेळ वाढवता येत नाही. आतल्या पाच जागांपैकी एक जागा कोणी नुसतीच अडवून बसला असेल, तर बाहेर कोणी तरी ताटकळत उभा असतो, आणि बहुधा तो दार वाजवणारा नसतो.

आता निवडीचे निकष. माझ्या पीएच.डी.चा विषय वामन पंडित हा होता. सतराव्या शतकातील या कवीने गीतेवर यथार्थदीपिका लिहिली आणि भर्तृहरीची शतके मराठीत आणली. नीतिशतकातील मैत्रीविषयीचे श्लोक आपल्यापैकी अनेकांनी याच इमारतीत पाठ केले असतील. त्यांतल्या तीन कल्पना मी आपल्यासमोर ठेवतो.

पहिली, पाण्याच्या थेंबाची. तापल्या लोखंडावर पडलेल्या थेंबाचे नावही उरत नाही. कमळाच्या पानावर तोच मोत्यासारखा दिसतो. आणि स्वाती नक्षत्रात शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. थेंब एकच. यात एक बारकावा आहे, जो शिकवताना मी बरीच वर्षे गाळत आलो. कमळाच्या पानावरचा थेंब मोत्यासारखा नुसता दिसतो. आपल्याला चमकवणारी संगत आणि आपल्याला घडवणारी संगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक लोक पहिलीलाच सकारात्मक म्हणतात. ज्या मंडळींत आपण हुशार, विनोदी, महत्त्वाचे वाटतो ती मंडळी कमळाचे पान असू शकतात. वारा आला की थेंब घरंगळतो.

दुसरी कल्पना सावलीची. सकाळची सावली आरंभी लांब असते आणि दुपारपर्यंत आखडत जाते. दुपारनंतरची आरंभी इवलीशी असते आणि संध्याकाळपर्यंत वाढत जाते. दुर्जनांची मैत्री पहिलीसारखी, सज्जनांची दुसरीसारखी. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मैत्रीची परीक्षा पहिल्या महिन्यात घेता येत नाही. जो भेटल्या दिवशीच गळ्यात पडतो, आठ दिवसांत आपली गुपिते सांगतो आणि पंधराव्या दिवशी आपली विचारतो, त्याच्याविषयी थोडे सबुरीने घ्यावे. उलट जो चार महिने नुसता नमस्कार करीत होता आणि पाचव्या महिन्यात तुमच्या आजारपणात डबा घेऊन आला, त्याची सावली मोजून ठेवावी.

तिसरी कल्पना सन्मित्राच्या लक्षणांची. तो गुपित राखतो, गुण बोलून दाखवतो, संकटात टाकून जात नाही, वेळेला हात देतो, हिताच्या कामी लावतो. परंतु या सर्वांच्या आधी भर्तृहरीने एक लक्षण ठेवले आहे : तो पापापासून परावृत्त करतो. म्हणजे मित्राचे पहिले काम ‘नको’ म्हणण्याचे. नकार हा मैत्रीचा पहिला धर्म मानणारा हा कवी आजच्या गटावर आला असता, तर त्याला नकारात्मक ठरवून बाहेर काढले असते.

येथवर पुस्तकातले झाले. आता माझे स्वतःचे.

नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आमची एक संध्याकाळची बैठक असे. चार-पाच सहकारी, एक चहाचे दुकान, पावसाळ्यात भजी. मंडळी वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. कोणी कोणाचे पैसे बुडवले नाहीत, कोणाला व्यसन नव्हते. आमचे व्यसन एकच, निंदा. कोणाचे पुस्तक आले की ते कोठून उचलले आहे याची चर्चा. कोणाला बढती मिळाली की ती कोणाच्या ओळखीने, याची. हे सारे इतक्या खुसखुशीत मराठीत चाले की, ऐकणाऱ्याला ते साहित्यिक चर्चेसारखे वाटावे. दोन तासांनी आम्ही उठत असू तेव्हा आपण सोडून सारे जग उथळ आहे अशी एक सुखद खात्री प्रत्येकाच्या खिशात असे.

परिणाम दोन झाले. माझा प्रबंध पुढे सरकेना. कागद समोर घेतला की पहिल्या वाक्यालाच बैठकीतले हसू ऐकू येई, आणि मी ते वाक्य खोडत असे. जिथे दुसऱ्यांच्या लेखनाची रोज खिल्ली उडते, तिथून उठून स्वतःचे लेखन करता येत नाही, ही गोष्ट समजायला मला फार वर्षे लागली. दुसरा परिणाम माझ्या पत्नीने दाखवून दिला. ती एकदा ताट वाढताना सहज म्हणाली, ‘‘तुम्ही तिथून आलात की तासभर घरात कोणाशी नीट बोलत नाही. मुलगी तुमची पावले ओळखते, आणि उठून आत जाते.’’ मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती.

संगतीची याहून सोपी कसोटी मला पुढे कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. त्या माणसाकडून परतल्यावर पहिल्या तासात आपण घरच्यांशी, कामाशी आणि स्वतःशी कसे वागतो, ते पाहावे. भेटीच्या वेळी काय वाटले याला महत्त्व नाही. भेटीच्या वेळी निंदाही गोडच लागते.

ती बैठक मी सोडली, पण जाहीर करून सोडली नाही. संध्याकाळची वेळ मी ग्रंथालयाला दिली. पहिले काही दिवस फार जड गेले. सहा वाजले की पाय आपोआप त्या रस्त्याला वळत. एकाने विचारले, ‘‘काय हो, आम्ही नकोसे झालो?’’ मी त्याला खरे ते सांगितले की, माझा प्रबंध अडला आहे आणि आपल्या गप्पांनंतर मला लिहिता येत नाही. त्यात त्याच्यावर आरोप नव्हता आणि ते खोटेही नव्हते. त्यांच्या घरची लग्नकार्ये, दुखणीखुपणी मी चुकवली नाहीत. त्या मंडळींतल्या एकाशी पुढे माझे उत्तम जुळले. तो एकटा भेटला की निंदा करीतच नसे. ती पाच जण जमल्यावरच सुचे. मघाशी मी व्यवहार सोडावा, माणूस नव्हे, असे म्हटले ते याच अनुभवावरून.

परंतु हा हळू हळू सैल करण्याचा मार्ग सर्वत्र चालत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तुमचे फोटो किंवा संदेश दाखवून धमकावणे आहे, तुमच्या नावावर कोणी कर्ज काढायला लावतो आहे किंवा नशेची चव घ्यायला सांगतो आहे, तिथे सभ्यपणाने वेळा बदलत बसू नये. तिथून त्याच दिवशी निघावे आणि निघताना एका मोठ्या माणसाला सांगावे. घरी सांगणे अवघड वाटले तर शिक्षकांना सांगावे. असले संबंध गुप्ततेवर जगतात. दुसऱ्या कानी गोष्ट गेली की त्यांचे अर्धे बळ सरते.

आणि याच्या अगदी उलट, ज्याला सोडू नये असा एक माणूस सांगतो. दुःखी मित्र. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरी मृत्यू झाला, ज्याचे मन आजारी आहे, तो तेच तेच बोलतो, हसत नाही, फोन उचलत नाही. त्याच्याकडून परतल्यावर आपणही खिन्न होतो, आणि मग कोणी तरी सांगते की, तो नकारात्मक आहे, दूर राहा. मित्रहो, खिन्नता आणि विखार यांत फरक आहे. विखारी माणसाकडून आलो की आपल्याला इतरांचा राग येतो. दुःखी माणसाकडून आलो की फार तर रडू येते. त्याला आपण एकट्याने सावरू शकणार नाही. त्याला डॉक्टरांकडे नेण्याची वेळ येईल, आणि आपण दमलो तर दुसऱ्या मित्राला पाळी द्यावी लागेल. पण दुखण्यात टाकून जाणे याला आपल्या परंपरेत मैत्री सोडणे म्हणत नाहीत; त्याला दुसरे नाव आहे आणि ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही.

याहून अवघड प्रसंग तो, जिथे दोन्ही माणसे मोठी असतात, दोघांचाही हेतू शुद्ध असतो, आणि तरी एकत्र चालणे अशक्य होते. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक उदाहरण असे आहे की, ते आठवल्यावाचून मराठी माणसाला या विषयावर बोलताच येणार नाही.

गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे, बाळ गंगाधर टिळक रत्नागिरीचे. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलैतला, अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने. डेक्कन कॉलेजात गाठ पडली आणि सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घेण्याचा विचार दोघांच्या मनात एकत्र रुजला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. केसरीचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध लिहिल्याबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. ऐन पंचविशीत एकत्र तुरुंगवास भोगलेल्या दोन मित्रांना पुढे काही वेगळे करू शकेल, असे कोणाला वाटले असते?

परंतु आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, हा प्रश्न त्यांच्यामध्ये उभा राहिला. त्याच्या जोडीला संस्थेचा कारभार, आजीव सदस्यांची मिळकत, त्यागाची व्याख्या असे रोजचे वादही होते, आणि माझ्या मते तात्त्विक वादापेक्षा या रोजच्या वादांनी जखम अधिक चिघळली. एकाच घरात राहणाऱ्यांचे असेच होते. आगरकरांनी १८८७ साली केसरी सोडला, १८८८ साली सुधारक काढला. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोघे समोरासमोर उभे होते. दोन्ही पत्रांतली त्या काळची भाषा वाचली तर आजही अंगावर काटा येतो. ते भांडण सभ्य होते अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

मग १८९५ च्या जूनमध्ये, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधी, आगरकर गेले. केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. मृत्यूसमोर मतभेद मागे सरतात आणि जुन्या आठवणी जाग्या होतात, अशा आशयाचे ते लेखन आहे. मत त्यांनी बदलले नाही. सुधारकातले आगरकरही शेवटपर्यंत बदलले नव्हते.

हा इतिहास मी वर्गात शिकवीत असे, तेव्हा मुले विचारीत, ‘‘सर, चूक कोणाची?’’ मी सांगत असे की, एकत्र काम करणे थांबवले यात चूक कोणाचीच नाही. ते थांबवले म्हणून सुधारक निघाला आणि मराठी विचाराला दोन डोळे मिळाले. त्यांनी सोडला तो एकत्र गाडा ओढण्याचा व्यवहार. चूक असेल तर ती एवढीच की, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी बोलण्याची एक लहानशी, खाजगी वाट कोणीच मोकळी ठेवली नाही, किंवा ठेवली असेल तर ती छापील शब्दांच्या ढिगाऱ्याखाली बुजून गेली. आपले वाद छापून येत नाहीत, हे आपले भाग्य. परंतु अलीकडे आपण ते गटावर लिहितो, आणि तिथे शंभर माणसे वाचतात. मित्राशी भांडायचे तर दोघांतच भांडावे. तिसरा ऐकू लागला की आपण मित्राशी बोलत नाही, त्या तिसऱ्याशी बोलू लागतो.

वेगवेगळ्या वाटांच्या माणसांनी एकत्र राहण्याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन आपल्या शेजारच्या देवासला आले. काही वर्षे अंथरुणावर, गाणे बंद. त्या काळात त्यांच्या कानांवर माळव्याची लोकगीते पडत राहिली, आणि त्यांतून पुढे काय घडले ते साऱ्या देशाने ऐकले. इंदूरची जुनी मंडळी कुमारजींचे नाव घेतात तेव्हा त्यापाठोपाठ राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर आणि बाबा डिके ही नावे येतातच. एक गायक, एक संपादक, एक चित्रकार, एक नाटकवाला. मला या चौकडीत नेहमी एक गोष्ट लक्षणीय वाटते : कोणीही दुसऱ्याच्या धंद्यातला नव्हता. आमच्या बैठकीत सारेच प्राध्यापक होते, म्हणून प्रत्येकाची बढती दुसऱ्याला टोचे. टाकून दिलेल्या काटक्या-कुटक्यांत आकृती पाहणारे चिंचाळकर गुरुजी गायकाच्या तानेचा हेवा कशाला करतील? विद्यार्थ्यांनी आपल्या शाखेबाहेरचा निदान एक मित्र ठेवावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाकडे येतो.

गुरुजींनी आम्हाला शेजारी बसवले ते शाळा संपेपर्यंत आम्ही शेजारीच होतो. पुढे तो दुसऱ्या गावी शिक्षक झाला. १९८० नंतरच्या त्या वर्षांत मी प्रबंधाची पहिली तीन प्रकरणे कशीबशी लिहून त्याला वाचायला पाठवली. नऊ पानांचे उत्तर आले. पहिल्या दोन प्रकरणांवर किरकोळ सूचना, आणि तिसऱ्यावर एकच निकाल : हे तुझे नाही. जुन्या टीकाकारांची मते तू शब्द फिरवून मांडली आहेस, वामन पंडिताचा श्लोक तू स्वतः वाचलेला दिसत नाही, हे प्रकरण फाडून टाक.

ते पत्र मी बैठकीत वाचून दाखवले. तेव्हा बैठक चालू होती. मंडळी हसली आणि एक जण म्हणाला, ‘‘त्याला प्रबंध करायला मिळाला नाही ना, म्हणून जळतो.’’ हे स्पष्टीकरण मला इतके सोयीचे होते की, मी ते त्याच संध्याकाळी खरे मानले. पत्राला उत्तर दिले नाही. त्याची पुढची दोन पत्रेही तशीच राहिली. त्याच्या वडिलांच्या निधनाची वार्ता कळली तेव्हा मी सांत्वनाचे चार ओळींचे कार्ड टाकले, गेलो नाही. मित्राने ‘नको’ म्हणणे हे सन्मित्राचे पहिले लक्षण, हे ज्या प्रकरणात मी लिहीत होतो, ते हेच तिसरे प्रकरण.

पदवी मिळाली. परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणाविषयी काही विचारले नाही. बैठक सुटली ती प्रबंध पुरा करण्याच्या शेवटच्या टप्प्यात. परंतु बैठकीने दिलेले ते एक वाक्य माझ्यात राहून गेले. वाईट संगत सोडली तरी तिने शिकवलेली मते आपल्याकडेच राहतात, आणि ती परत करायला कोणी मागत नाही.

निवृत्तीनंतर प्रबंध पुस्तकरूपाने काढावा म्हणून मी तो कपाटातून बाहेर काढला. तिसरे प्रकरण वाचताना, मध्ये पंचवीस-तीस वर्षे गेलेली असल्यामुळे, मला ते परक्याचे म्हणून वाचता आले, आणि ते खरोखरच परक्याचे होते. दोन वर्षे खपून मी ते नव्याने लिहिले. थेंबाविषयी आणि नकाराविषयी आज जे बोललो ते त्या नव्या लेखनातले आहे. मग त्याचा पत्ता मिळवला. तो पुण्याला मुलीकडे राहायला गेला होता. फोन करण्याचा धीर झाला नाही. प्रकरणाची प्रत पोस्टाने पाठवली आणि सोबत दोन ओळी लिहिल्या की, तू म्हणाला होतास तसे फाडले, उशीर झाला, क्षमा कर.

तीन आठवडे काही आले नाही. मग माझीच प्रत परत आली, समासात शिसपेन्सिलीने त्याच्या त्या बारीक अक्षरात खुणा केलेली. क्षमेविषयी एक अक्षर नव्हते. सातव्या पानावर एक अन्वय दुरुस्त केला होता, अकराव्यावरच्या तळटिपेपुढे प्रश्नचिन्ह होते, आणि शेवटच्या पानाखाली लिहिले होते : आता तुझे आहे. अकराव्या पानाचे पाहा.

मी पाहिले. तळटीप चुकली होती.

आज तो या सभागृहात असायला हवा होता. गुडघ्यांमुळे त्याला प्रवास झेपत नाही. कार्यवाहांना माझी विनंती आहे की, ही पुस्तिका छापून झाली की एक प्रत त्याच्यासाठी बाजूला ठेवावी. पत्ता मी देईन. समास जरा रुंद ठेवावेत.